व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: सासू-सासरे आणि लहान मुलांसह ऑगस्टमध्ये जायचे आहे, कार्यक्रम तपासून द्याल का?

माहेर_सातारा

नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही घरातले सहा जण उत्तराखंडमधील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान पाहायला जाण्याच्या विचारात आहोत. मी, यजमान, बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझे सासू-सासरे असे आम्ही सहा जण आहोत. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत; त्या रोज फिरायला जातात, पण जिने उतरताना त्यांचे गुडघे दुखतात. सासरे ७१ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी प्रकृती चांगली आहे. मुले आमच्यासोबत सिंहगड पायवाटेने चढली आहेत आणि कासच्या पठारावर तर दरवर्षी जातात, त्यामुळे फुलांचे वेड घरात सर्वांनाच आहे. मात्र आमच्यापैकी कोणीही याआधी हिमालयात पायी चाललेले नाही.

आम्ही असा कार्यक्रम आखला आहे. शनिवारी पुण्याहून विमानाने डेहराडून आणि मुक्काम ऋषिकेशला. रविवारी ऋषिकेश ते जोशीमठ. सोमवारी गोविंदघाटमार्गे व्हॅलीखालच्या मुक्कामाच्या गावी, घांघरियाला. मंगळवारी व्हॅली, बुधवारी हेमकुंड साहिब. गुरुवारी खाली उतरून थेट बद्रीनाथ. शुक्रवारी माणा गाव पाहून पीपलकोटीपर्यंत परत, शनिवारी ऋषिकेश आणि रविवारी दुपारच्या विमानाने पुणे. सासूबाईंची बद्रीनाथाच्या दर्शनाची फार वर्षांची इच्छा आहे, त्यामुळे ते वगळता येणार नाही.

हा कार्यक्रम आम्हाला झेपेल का, मुलांना हेमकुंडला न्यावे का, सासू-सासऱ्यांनी घांघरियापर्यंत यावे की खालीच थांबावे, आणि ऑगस्टचा दुसरा आठवडा फुलांच्या दृष्टीने योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत.

गडवाट

तिकिटे काढण्याआधी विचारलेत हे फार चांगले झाले, कारण तुमच्या कार्यक्रमातील सर्वांत मोठी अडचण चालण्याची नसून दिवसांची आहे. तुम्ही नऊ दिवसांत नऊ दिवसांचीच कामे बसवली आहेत, आणि ऑगस्टमध्ये ऋषिकेश ते गोविंदघाट हा रस्ता असा आहे की त्यावर एखादा दिवस जाणार हे गृहीत धरूनच निघावे लागते. श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्यामधील सिरोबगड, पीपलकोटीच्या पुढचा पाताळगंगेचा टप्पा, पागल नाला, आणि पांडुकेश्वरच्या पुढे बद्रीनाथच्या वाटेवरचे लामबगड ही दरडी कोसळण्याची जुनी ठिकाणे आहेत. सीमा रस्ते संघटना आणि महामार्गाची यंत्रे दरड हटवायला तयार असतात, तरी कधी दोन तास लागतात तर कधी सबंध दिवस जातो. रात्री या रस्त्यावर प्रवासी वाहने सोडत नाहीत, त्यामुळे दुपारी गेलेले चार तास रात्री भरून काढता येत नाहीत. तुमचा मुक्कामच बदलतो आणि पुढची सगळी आरक्षणे एका दिवसाने सरकतात.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे आहे की हेमकुंड या वेळी वगळावे. घांघरियापासून हेमकुंड अवघे सहा किलोमीटर आहे हे ऐकून अनेकांची फसगत होते. त्या सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून अधिक चढ आहे, सरोवर चार हजार मीटरच्याही वर आहे, आणि तिथे रात्री राहू देत नसल्यामुळे चढ-उतार एकाच दिवशी करावी लागते. आदल्या दिवशी व्हॅलीत सात-आठ तास चाललेल्या सात वर्षांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून त्या वाटेला लावणे मला योग्य वाटत नाही. हेमकुंड हे शिखांचे अत्यंत श्रद्धेचे तीर्थ आहे, गुरु गोविंदसिंगांच्या पूर्वजन्मीच्या तपाची ती जागा मानली जाते, आणि तिथे लंगरमध्ये मिळणारी गरम खिचडी आणि चहा यांचे मोल तो चढ चढून गेल्यावरच कळते. पण ते स्वतंत्रपणे, दमदार पायांनी आणि भरपूर वेळ हाताशी ठेवून करण्याचे ठिकाण आहे.

दुसरे असे की बद्रीनाथ शेवटी न ठेवता आधी घ्यावे. यामागे दोन कारणे आहेत. सासूबाईंसाठी या सहलीचा गाभा ते दर्शन आहे. ते शेवटच्या दोन दिवसांवर ढकलले आणि लामबगडला दरड आली, तर त्या दाराशी येऊन परत जातील. शिवाय बद्रीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास घांघरियाच्याच उंचीवर. जोशीमठाहून सकाळी निघून, दर्शन आणि माणा गाव आटोपून संध्याकाळी पुन्हा जोशीमठला उतरलात, तर सर्वांच्या शरीराला उंचीची पहिली ओळख होते आणि झोप मात्र १,९०० मीटरच्या आसपास मिळते. घांघरियाला चढण्याआधी याहून चांगली तयारी नाही.

तेव्हा शनिवारी ऋषिकेश, रविवारी पीपलकोटी किंवा जोशीमठ, सोमवारी बद्रीनाथ करून जोशीमठला मुक्काम, मंगळवारी घांघरिया, बुधवारी व्हॅली, गुरुवारी पावसाने बुधवार खाल्ला असेल तर व्हॅली आणि नसेल तर पुन्हा व्हॅलीच, शुक्रवारी उतरून जोशीमठ, शनिवारी ऋषिकेश. परतीचे विमान रविवारऐवजी सोमवारी घेता आले तर जरूर घ्या. त्या एका दिवसासाठी कार्यालयात रजा मागणे जड जाईल, पण परतीच्या वाटेवर दरडीपुढे अडकलेल्या गाडीत दोन म्हातारी माणसे आणि दोन मुले घेऊन विमानाची वेळ मोजत बसणे त्याहून जड जाते. रविवारी रस्ता बंद नसलाच, तर तो दिवस गंगेच्या काठी घालवा. वाया जाणार नाही.

पुढचा रस्ता बंद असल्याचे चमोलीला पोहोचल्यावर कळले तर काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवा. चमोलीहून गोपेश्वर आणि मंडलमार्गे चोपत्याला जाणारा रस्ता आहे. चोपत्याहून तुंगनाथ साधारण साडेतीन ते चार किलोमीटरवर, ३,६८० मीटर उंचीवर आहे, वाट फरसबंद आहे आणि पावसाळ्यात तिथली कुरणेही फुललेली असतात. ती व्हॅलीची जागा घेणार नाहीत, पण मुलांना हिमालय पाहिल्यासारखे नक्की वाटेल.

स्टेथोस्कोप

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, त्यामुळे फक्त प्रकृतीविषयी लिहितो. हे सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे. आपल्या सासऱ्यांना ज्यांची औषधे चालू आहेत त्या डॉक्टरांना एकदा अवश्य भेटावे आणि नेमके कुठे, किती उंचीवर, किती चालणार आहात हे त्यांना सांगावे.

साधारणपणे २,५०० मीटरच्या वर राहायला गेल्यावर काही जणांना उंचीचा त्रास जाणवू लागतो. तो कोणाला होईल हे वयावरून किंवा व्यायामाच्या सवयीवरून सांगता येत नाही. धडधाकट तरुणाला होतो आणि शेजारच्या आजोबांना होत नाही, असे नेहमी दिसते. डोके दुखणे, मळमळणे, जेवण नकोसे होणे, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्रास होऊ शकेल अशीच ही उंची आहे, पण घाबरून जाण्याइतकी नाही. दोन गोष्टी पाळाव्यात. डोकेदुखी आणि मळमळ असताना आणखी वर जायचे नाही. आणि विश्रांती घेऊनही लक्षणे वाढत असतील, चालताना तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा बोलण्यात गोंधळ जाणवत असेल, तर त्या व्यक्तीला तत्काळ खाली न्यायचे. सकाळची वाट पाहायची नाही. वरील कार्यक्रमात बद्रीनाथ आधी घेऊन रात्री जोशीमठला उतरण्याची जी सूचना आहे, ती वैद्यकीय दृष्टीनेही योग्य आहे.

लहान मुलांच्या बाबतीत अडचण अशी की सात वर्षांचा मुलगा ‘डोके दुखते’ असे नेमके सांगेलच असे नाही. तो चिडचिड करतो, खेळत नाही, आवडीचे खाणे नाकारतो. उंचीवर मूल असे वागू लागले तर ते हट्टीपणा करत आहे असे न मानता आधी उंचीचा त्रास गृहीत धरावा.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे ज्याला सगळे डायमॉक्स म्हणून ओळखतात, ती गोळी मित्रांच्या सांगण्यावरून घेऊ नये. सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेता कामा नये, आणि रक्तदाबाच्या काही औषधांसोबत ती घेताना विचार करावा लागतो. सासऱ्यांची रक्तदाबाची नेहमीची गोळी मात्र एकही दिवस चुकवू नये. ती सामानात न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवावी, कारण सामान खेचरावरून मागाहून येते.

माझ्या अनुभवात या सहलीत उंचीहून अधिक त्रास देणारी गोष्ट म्हणजे ओल. ऑगस्टमध्ये रोज पाऊस असतो, वर थंडी असते, आणि भिजलेले सुती कपडे अंगावर तासन्‌तास राहिले तर मुले आणि वृद्ध माणसे पाहता पाहता गारठतात. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा. लवकर वाळणारे कपडे, लोकरीचा एक थर, प्रत्येकाला पूर्ण अंग झाकणारा पावसाळी पोशाख, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला कोरडा पायमोजांचा जोड एवढे असलेच पाहिजे. थरथर सुटलेल्या मुलाला आधी कोरडे करावे, मग गरम प्यायला द्यावे. क्रम हाच ठेवावा.

माहेर_सातारा

दोघांचेही मनापासून आभार. हेमकुंड वगळण्याचे घरी सर्वांनी मान्य केले, यजमानांनी थोड्या नाराजीने का होईना. बद्रीनाथ आधी घ्यायची कल्पना ऐकून सासूबाईंचा चेहराच खुलला. सोमवारच्या विमानासाठी एक दिवसाची जास्त रजा मिळेल असे दिसते.

आता मोठा प्रश्न उरला आहे तो सासू-सासऱ्यांचा. सासरे म्हणतात, ‘इतक्या लांब येऊन मी जोशीमठच्या खोलीत बसणार नाही.’ सासूबाई म्हणतात, ‘मी खेचरावर बसेन, पण ती दरीच्या कडेने चालतात असे ऐकले आहे.’ ज्यांनी वयस्कर मंडळींना सोबत नेले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अलकनंदाकाठी

ताई, मी माझ्या आईला घेऊन गेले होते, तेव्हा तिचे वय तुमच्या सासूबाईंपेक्षा थोडे जास्तच होते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

गोविंदघाटापासून पुलना गावापर्यंत आता जीप जातात. पुलन्यापासून घांघरिया साधारण नऊ-दहा किलोमीटर आहे आणि एकूण चढ हजार मीटरच्या आसपास भरतो. लक्ष्मणगंगेच्या काठाने, झाडीतून जाणारी ही दगडी पायवाट सुंदर आहे, वाटेत चहाची आणि मॅगीची दुकाने आहेत, त्यामुळे सुरुवातीला कोणालाच ती अवघड वाटत नाही. खरा कस लागतो तो भ्यूंडार गावानंतर नदीवरचा पूल ओलांडल्यावर. २०१३ च्या जूनमधील महापुरात या भागाची फार हानी झाली, जुनी वाट बरीचशी वाहून गेली आणि नवी बांधावी लागली. पुलानंतरचा तो शेवटचा टप्पा सरळ उभा चढ आहे, आणि तो दिवसाच्या अखेरीस, पाय थकलेले असताना येतो. सिंहगडाच्या पायवाटेवरून अंदाज बांधू नका. इथे अंतर आणि चढ दोन्ही बरेच जास्त आहेत, आणि हवा विरळ होत जाते ती वेगळी.

वयस्कर माणसांसाठी चार पर्याय आहेत. खेचर, पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारी कंडी, चार माणसांनी उचलायची डंडी, आणि हवा चांगली असेल तर गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टर. ऑगस्टमध्ये हेलिकॉप्टरवर कार्यक्रम बेतू नये, कारण ढग उतरले की उड्डाणे थांबतात आणि ढग रोजच उतरतात. कंडी मुख्यतः हलक्या वजनाच्या व्यक्तींसाठी आणि मुलांसाठी सोयीची आहे. तुमचा मुलगा थकला तर त्याच्यासाठी ती उत्तम. ती वाहून नेणारे बहुतेक मजूर नेपाळहून आलेले असतात, पावसात अनवाणी म्हणावे अशा चपलांनी तो चढ चढतात, आणि त्यांचे दर नोंदणीच्या खिडकीवर ठरलेले असतात. तेथूनच माणूस घ्यावा, पावती घ्यावी, आणि वाटेत चहा-जेवणाच्या वेळी त्यालाही सोबत बसवावे. एवढे तर आपण केलेच पाहिजे.

खेचराविषयी सासूबाईंची भीती निराधार नाही. ती जनावरे दरीच्या कडेनेच चालतात. त्यांना ती वाट पाठ असते आणि ती सहसा पाय चुकवत नाहीत, पण बसणाऱ्याला खाली पाहून धडकी भरते. चढताना पुढे आणि उतरताना मागे झुकून बसायचे असते, आणि गुडघे दुखणाऱ्यांना चार-पाच तास त्या खोगिरावर बसून पाय ताठतात, म्हणून दर तासाने उतरून थोडे चालायला लावावे. पायी चालणाऱ्यांनी मात्र एक नियम मुलांना पाठ करून द्यावा: खेचर येताना दिसले की डोंगराच्या बाजूला चिकटून उभे राहायचे, दरीच्या बाजूला कधीही नाही. पाठीवर सिलिंडर लादलेले खेचर बाजूला सरकत नाही, ते तुम्हाला सरकवते.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याविषयी. माझ्या मते त्यांनी घांघरियापर्यंत यावे, पण व्हॅलीत जायचे की नाही ते तिथे पोहोचल्यावर, बुधवारी सकाळी, प्रकृती पाहून ठरवावे. उद्यानाच्या हद्दीत खेचरांना प्रवेश नाही. घांघरियाहून थोडे पुढे गेल्यावर हेमकुंडची वाट उजवीकडे वळते, व्हॅलीची डावीकडे जाते, तिथे वन विभागाची चौकी आहे आणि परवाना तिथेच मिळतो. तेथून पुष्पावती नदीच्या पुलापर्यंतची वाट सोपी आहे, आणि पुलावरून दिसणारी नदी व समोरचे कडे पाहूनही माणूस तृप्त होतो. पुलानंतर भोजपत्राच्या झाडांतून जो चढ लागतो तो दगडी आणि निसरडा आहे; दुखऱ्या गुडघ्यांचा प्रश्न तिथे येतो, तोही परतताना उतारावर. सासूबाईंनी पुलापर्यंत येऊन सासऱ्यांसोबत परत फिरावे, असे मी सुचवेन. आम्हीही तसेच केले. आई पुलापाशी बराच वेळ बसली, मग गुरुद्वाऱ्यात जाऊन कीर्तन ऐकत राहिली, आणि संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा तिच्याकडे आमच्याहून जास्त सांगण्यासारखे होते.

पण यासाठी एक गोष्ट घरूनच ठरवून जा: कोणी परत फिरले तर त्यांच्यासोबत कोण फिरणार. सासरे धडधाकट असले तरी दोघा वृद्धांना तिथे एकटे परत पाठवू नये. तुमच्यापैकी एकाने बुधवारी त्यांच्यासोबत थांबावे आणि दुसऱ्याने मुलांना व्हॅलीत न्यावे, मग गुरुवारी अदलाबदल करावी. परवाना किती दिवस चालतो ते चौकीवर विचारून घ्या, म्हणजे हे सहज जमेल. आणि पुलन्याला पोहोचल्यावर मुसळधार पाऊस असेल किंवा दोघांपैकी कोणाला बरे वाटत नसेल, तर त्यांनी पांडुकेश्वरला किंवा जोशीमठला थांबण्याची सोय मनात तयार ठेवा. जोशीमठचे नरसिंह मंदिर आणि पांडुकेश्वरचे योगध्यान बद्रीचे जुने मंदिर ही दोन्ही दर्शने शांतपणे घेण्यासारखी आहेत, त्यामुळे खोलीत बसून राहण्याची वेळ येणार नाही.

एका सहल कंपनीच्या गटात आमच्या शेजारच्या खोलीत सत्तरी ओलांडलेले एक जोडपे होते. त्यांना व्हॅली आणि हेमकुंड लागोपाठच्या दोन दिवसांत ठरवून दिले होते, आणि आजोबा दुसऱ्या दिवशी उठूच शकले नाहीत. गट पुढे गेला आणि ते दोघे खोलीत राहिले. तेव्हापासून मला वाटते की अशा सहलीत प्रत्येक दिवशी कोण कुठपर्यंत जाईल हे घरच्यांनीच ठरवावे, छापील पत्रकावर सोडू नये.

रानफूल

फुलांच्या वेळेविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो.

उद्यान १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते, पण फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. तुमचा ऑगस्टचा दुसरा आठवडा त्याच्या उत्तरार्धात येतो, म्हणजे वेळ योग्य आहे. त्याहून पुढे मात्र ढकलू नका. जूनमध्ये ओहोळांवर बर्फाचे पूल शिल्लक असतात आणि प्रिम्युला, ॲनिमोन यांसारखी लवकर येणारी फुले दिसतात. जुलैत जिरॅनियम, पोटेन्टिला, नागाच्या फण्यासारखा दिसणारा ॲरिसिमा. ऑगस्टमध्ये गुलाबी तेरड्याचे रान माजते, इतके की मुलांच्या डोक्यावरून जाईल. आपल्या सह्याद्रीतल्या तेरड्याचाच हा हिमालयी भाऊबंद, त्यामुळे तुमची मुले त्याच्या शेंगा पाहताच ओळखतील. बोट लावताच त्या तशाच फुटतात.

कासची सवय असलेल्यांना एक फरक आधी सांगायला हवा. कासचे पठार बाराशे मीटरच्या आसपासचे, जांभ्या दगडाचे आणि पातळ मातीचे आहे, त्यामुळे तिथली झाडे बुटकी राहतात आणि एकाच रंगाचा गालिचा दूरपर्यंत दिसतो. व्हॅली ३,३०० मीटरच्या वर, हिमनदीने कोरलेल्या दरीत आहे. तिथे खोल माती आणि भरपूर पाणी असल्यामुळे झाडोरा कमरेपर्यंत, छातीपर्यंत वाढतो. गालिचा शोधत गेलात तर पहिला तासभर काहीच नाही असे वाटेल. वाट सोडून आत शिरायला बंदी आहे आणि ती पाळलीच पाहिजे, म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना सावकाश, दर दहा पावलांवर थांबत पाहावे. निळी अफू, म्हणजे मेकोनॉप्सिस, खडकांच्या कपारीत एकेकटी उगवते. काटेरी देठ आणि आकाशी पाकळ्या. तुमच्या मुलीला ती शोधण्याचे काम द्या. ब्रह्मकमळ मात्र व्हॅलीच्या वाटेवर मिळेल अशी आशा ठेवू नका, ते अधिक उंचीवर, हेमकुंडच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात फुलते. आपल्याकडे कुंडीत रात्री उमलणाऱ्या ज्या निवडुंगाला ब्रह्मकमळ म्हणतात त्याच्याशी त्याचे काही नाते नाही.

मुलीचे वय लक्षात घेता या दरीचा इतिहासही तिला सांगण्यासारखा आहे. १९३१ मध्ये कामेत शिखर सर करून परतणारे फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सहकारी इथे उतरले आणि त्यांच्यामुळे ही दरी जगाला माहीत झाली. अर्थात भ्यूंडार खोऱ्यातल्या मेंढपाळांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतीच. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग या वनस्पती गोळा करायला आलेल्या बाई उतारावरून घसरून मृत्यू पावल्या, त्यांची समाधी दरीत आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, त्यानंतर चराई बंद झाली, आणि २००५ मध्ये नंदादेवीसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या दरीचा समावेश झाला. चराई बंद झाल्यावर पॉलिगोनम नावाची उंच, पांढऱ्या तुऱ्यांची वनस्पती झपाट्याने पसरली आणि लहान फुलांना झाकोळू लागली. वन विभाग दरवर्षी ती उपटून काढतो. मेंढ्या गेल्या म्हणून ती माजली, की त्यांच्या शेणखताने भारलेल्या जागी ती आधीपासूनच टपून होती, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. वाटेत उपटून टाकलेल्या झाडांचे ढीग दिसले तर मुलांना हे जरूर सांगा. राष्ट्रीय उद्यान राखणे म्हणजे केवळ कुंपण घालणे नव्हे, हे त्यांना तिथे डोळ्यांनी दिसेल.

माहेर_सातारा

इतकी सविस्तर आणि आपुलकीची उत्तरे वाचून घरात सर्वांनी एकत्र बसून कार्यक्रम नव्याने लिहिला. सासऱ्यांनी स्वतःच सांगितले की ते पुलापर्यंत येतील आणि सासूबाईंसोबत परत फिरतील. बुधवारी यजमान त्यांच्यासोबत राहतील, गुरुवारी मी. परतीचे विमान सोमवारचे घेत आहोत. शेवटचे दोन छोटे प्रश्न आहेत: बद्रीनाथसाठी आधी नोंदणी करावी लागते असे ऐकले ते खरे का, आणि घांघरियात कार्डाने पैसे देता येतात का?

गडवाट

होय, चारधाम यात्रेसाठी उत्तराखंड पर्यटन विभागाची नोंदणी सक्तीची आहे आणि बद्रीनाथला जाणाऱ्या प्रत्येकाची, मुलांसकट, ती करून ठेवावी. ती संकेतस्थळावर करता येते; आधार कार्डाची माहिती लागते आणि वाटेत तपासणी होते, म्हणून छापील प्रतही जवळ ठेवा. व्हॅलीचा परवाना याहून वेगळा, तो चौकीवर मिळतो. चौकी सकाळी उघडल्यावर लगेच पोहोचा, कारण दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळच्या आत सर्वांना बाहेर यावे लागते. आत मुक्कामाची परवानगी मुळीच नाही आणि खाण्याचे दुकानही नाही. डबा घांघरियाहूनच बांधून घ्या आणि त्याचा कागद-कचरा परत आणा.

पैशांच्या बाबतीत घांघरियावर विसंबू नका. तिथे वीज आणि मोबाइलचे नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे आहे, त्यामुळे कार्ड किंवा फोनवरून पैसे जातीलच असे नाही. खोली, जेवण, खेचर, कंडी आणि गरम पाण्याच्या बादल्या हे सगळे धरून लागणारी रोख रक्कम जोशीमठला काढून घ्या, आणि ती दोघांमध्ये वाटून ठेवा, कारण बुधवारी आणि गुरुवारी तुम्ही दोघे वेगवेगळ्या ठिकाणी असणार आहात.